शेलापागोटे: निरोपाच्या अंकातली दोस्तांची शब्दचित्रं

दिवाळीची सुट्टी संपली की दहावीच्या वर्गांना निरोप समारंभाचे वेध लागतात. यंदा सांगली, मिरज आणि तासगावकडून आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आहे. कॅथलिक फादरांनी चालवलेल्या मुलग्यांच्या शाळेत दहावीचा वर्ग जाता जाता एक छोटा अंक काढतो. त्यात वर्गातल्या प्रत्येक मुलाचं गमतीचं शब्दचित्र असतं आणि त्यातलंच समारंभात वाचून दाखवतात. ते लिहायचं कसं, बिघडतं कुठं आणि छापून वेळेत हातात कसं घ्यायचं, असे हे प्रश्न आहेत.

आमच्या वर्गात ४४ मुलं. आम्ही तिघांनी सगळ्यांवर लिहायला घेतलं. पहिल्या बारा जणांवर झकास जमलं. पुढं मात्र सगळेच 'मनमिळाऊ, हुशार आणि क्रिकेटप्रेमी' व्हायला लागले. काय करावं? – दहावी 'ब'ची संपादक मंडळी, विश्रामबाग

तुमच्याकडचा माल संपला आहे, एवढंच झालंय. तिघांना ४४ जणांच्या खोडी माहीत असणं शक्यच नाही. ज्या बारा जणांवर जमलं ते तुमच्या आसपासच्या बाकांवरचे असणार. लिहिणं थांबवा आणि आधी चिठ्ठ्या गोळा करा.

पद्धत सोपी आहे. प्रत्येकानं आपल्या हजेरी क्रमांकात १, ७ आणि १९ मिळवायचे. बेरीज ४४ च्या वर गेली तर त्यातून ४४ वजा करायचे. म्हणजे ३० क्रमांकाच्या मुलाकडे ३१, ३७ आणि ५ हे तिघे आले, त्यांच्यावर त्यानं चिठ्ठ्या लिहायच्या. असं केलं की प्रत्येक मुलाबद्दल बरोबर तीन जण लिहितात. कुणी सुटत नाही, आणि कुणाच्या वाट्याला नुसते त्याचे जिगरी दोस्तच येत नाहीत. जिगरी दोस्ताला त्याच्या सवयी दिसेनाशा झालेल्या असतात. दोन बाक पलीकडून बघणाऱ्याला त्या बरोबर दिसतात.

चिठ्ठीवर तीनच प्रश्न ठेवा. तो रोज न चुकता काय करतो? त्याच्या तोंडी सारखं कोणतं वाक्य असतं? वर्गासाठी किंवा तुझ्यासाठी त्यानं केलेली एक गोष्ट कोणती? 'लय भारी पोरगा' असं लिहिलेली चिठ्ठी तिथल्या तिथं परत करा. अशा १३२ चिठ्ठ्या गोळा व्हायला चार दिवस लागतात. सहामाहीचे पेपर वाटून झाल्यावरचा आठवडा त्याला बरा, कारण तेव्हा मुलं मोकळी असतात.

लिहिताना एका मुलाची एकच सवय घ्या. तिन्ही चिठ्ठ्यांतलं सगळं कोंबलंत की पुन्हा यादी होते. साठ ते सत्तर शब्द पुरे. विशेषणं काढून टाका आणि त्याला काहीतरी करताना दाखवा. हा एक नमुना बघा:

*'पावसाळ्यात वर्गात शिरताना हा "गुड मॉर्निंग" म्हणत नाही, "अडतीस" म्हणतो. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते घरून निघतानाच बघून आलेला असतो. एकोणचाळीस म्हणाला की आम्ही दप्तरं आवरायला लागतो आणि चाळीस म्हणाला की सगळा वर्ग फादरांच्या ऑफिसकडे बघतो. पंचेचाळीसच्या पुढं मात्र तो आकडा सांगत नाही. त्याचं घर नदीकडच्या बाजूला आहे. पाणी उतरल्यावर स्वतःच्या घरातला गाळ काढून झाला की तोच खराटा घेऊन तो आणखी दोघांच्या घरी गेला होता.'*

यात मुलाचं नाव नाही, रंगरूप नाही, मार्क नाहीत. तरी त्या वर्गातला प्रत्येक जण पहिल्याच ओळीला ओरडणार, 'हा तर तो!' कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी सांगलीच्या पोरांना पाढ्यासारखी पाठ असते, म्हणून हा विनोद इथलाच राहतो. पुण्याच्या शाळेत तो चालणार नाही आणि चालायलाही नको. शेवटचं वाक्य तिसऱ्या प्रश्नाच्या चिठ्ठीतून आलं आहे. ते नसतं तर हे शब्दचित्र नुसती गंमत होऊन राहिलं असतं.

माझा मुलगा अंगानं जाड आहे. गेल्या वर्षी गॅदरिंगच्या फिशपाँडमध्ये त्याच्या नावानं चार चिठ्ठ्या निघाल्या, चारही खाण्यावर आणि वजनावर. तो हसला, पण घरी आल्यावर जेवला नाही. आता निरोपाच्या अंकाचं नाव काढलं की गप्प होतो. शाळेला काय सांगू? – एक आई, मिरज

ताई, तुम्ही वर्गशिक्षकांना आजच भेटा. अंक छापून झाल्यावर बोलण्यात अर्थ नसतो. आणि भेटाल तेव्हा तक्रारीबरोबर एक मागणीही करा: फिशपाँडची निनावी चिठ्ठी बंद करून प्रत्येक शब्दचित्राची जबाबदारी संपादक मंडळावर असावी.

फिशपाँडमधलं दुखणं त्या निनावीपणात आहे. डब्यात चिठ्ठी टाकणाऱ्याला समोरच्याचा चेहरा बघावा लागत नाही. त्यामुळे त्याच्या हाताला जे पहिलं लागतं ते तो लिहितो, आणि पहिलं लागतं ते अंग: जाडी, उंची, रंग, दात, चष्मा, बोलताना अडखळणं. ते बघायला त्या मुलाची ओळखही लागत नाही, रस्त्यावरून जाणारा माणूससुद्धा ते सांगेल. तीन-चार वर्षं एका वर्गात बसून तुम्हाला तेवढंच दिसलं असेल तर तुम्ही त्याला पाहिलंच नाही, असं आम्ही मुलांनाही स्पष्ट सांगतो.

आपल्याकडे या प्रकाराला जुना शब्द आहे, शेलापागोटे. शेला आणि पागोटं ही मानाची वस्त्रं. ज्याचा सन्मान करायचा त्याच्या खांद्यावर शेला घालायचा, डोक्याला पागोटं बांधायचं. थट्टेच्या ओळींना हे नाव ज्यानं दिलं त्याला मर्म कळलेलं होतं. थट्टा ऐकून मुलगा खाली मान घालून बसला तर त्याला पागोटं बांधलं नाही, त्याचं पागोटं उडवलं.

संपादक मंडळानं अंग, जात, आडनाव, घरची परिस्थिती, वडिलांचा धंदा, नापास झालेला विषय आणि शेजारच्या कन्याशाळेतली कुणी मुलगी, यांतलं काहीही लिहायचं नाही, हे सुरुवातीलाच ठरवावं. टोपणनाव छापायचं असेल तर त्या मुलाला विचारून. काही टोपणनावं वर्गात चालतात, पण आजीच्या हातात अंक पडला की चालत नाहीत. छापायला देण्याच्या किमान तीन दिवस आधी प्रत्येकाला त्याचं शब्दचित्र एकट्याला वाचायला द्या आणि त्याची सही घ्या. त्यानं 'हे नको' म्हटलं तर कारण न विचारता बदला. सही घेताना चेहऱ्याकडे बघा. 'चालतंय की मर्दा' असं म्हणत कागद पटकन परत देणारा पोरगा बहुतेक वेळा दुखावलेला असतो.

तुमच्या मुलाबद्दल नव्यानं तीन चिठ्ठ्या मागवायला सांगा, पहिल्या उत्तरात लिहिलेल्या पद्धतीनं. खाण्यापलीकडचं त्याचं काहीतरी वर्गानं नक्की पाहिलेलं आहे. अजून त्यांना कुणी विचारलेलं नाही.

वर्गात एक मुलगा असा आहे की त्याच्याबद्दल कुणालाच काही आठवत नाही. तिन्ही चिठ्ठ्यांवर 'शांत आहे' एवढंच. त्याचं काय लिहायचं? – हजेरी क्रमांक १७

सगळ्या अंकात सर्वांत जास्त वेळ याच पानाला द्या. बडबड्यांची पानं आपोआप लिहून होतात. अंक चांगला की वाईट, ते या पानावर ठरतं.

त्याला प्रश्न विचारायला जाऊ नका, तो 'काही नाही' म्हणेल. आठवडाभर त्याच्याकडे नुसतं लक्ष ठेवा, त्याला न कळता. तो वर्गात कितीला येतो, कोणत्या दारानं, दप्तर कुठं ठेवतो, असेंब्लीच्या रांगेत कुणाच्या मागं उभा राहतो, मधल्या सुट्टीत कुठं असतो. वर्गाबाहेरच्यांना विचारा: शिपाईमामा, ग्रंथपाल, वडापवाले (शेअर जीपचे) काका, सायकल स्टँडवरचे आजोबा. शांत पोरं मोठ्यांशी बोलतात. तासगावकडून येणारं पोरगं वडापमध्ये पुढच्या सीटवर बसून रोज ड्रायव्हरला बेदाण्याचा दर सांगत असेल आणि वर्गाला त्याचा पत्ताही नसेल.

मग असं काही हाताला लागतं:

*'आमच्या वर्गाच्या फळ्यावर उजव्या कोपऱ्यात रोज तारीख असते. ती कोण लिहितं हा प्रश्न दोन वर्षांत कुणाला पडला नाही. मागच्या जुलैत चार दिवस फळ्यावर एकच तारीख होती. पाचव्या दिवशी हा ताप उतरून आला, त्यानं दप्तर ठेवलं, फडक्याचा कोपरा ओला केला, जुनी तारीख पुसली आणि नवी लिहिली. तेव्हा कळलं. त्याच्या कंपासपेटीत खडूचे तुकडे असतात, रंगानुसार लावलेले.'*

इथं 'शांत' हा शब्द नाही. आणि तो फडक्याचा कोपरा ओला करतो, कोरड्यानं पुसत नाही, एवढ्या जवळून दाखवलं की मुलगा उभा राहतो.

शब्दचित्रं पद्यात असावीत असा वर्गाचा हट्ट आहे. आम्ही सिनेमाच्या गाण्यांवर बेतून बघितलं, पण सगळी सारखीच वाटतात. – दहावी 'अ', सांगली

गाण्याची चाल वाजली की ऐकणाऱ्याच्या डोक्यात मूळचे शब्द वाजायला लागतात आणि तुमचे कानावरून जातात. त्यापेक्षा अभंगाचा साचा घ्या. मोठ्या अभंगात चार चरण: ६, ६, ६ आणि ४ अक्षरं. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. ऱ्हस्व-दीर्घाची मोजदाद नाही, जोडाक्षर एकच धरायचं. चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड असल्यामुळे ओळ तिथं थबकते, आणि नेमकं तिथंच हसू येतं.

*शेंगांची चटणी । गणित-तासात ।*
*सरांच्या नाकात । वास गेला ॥*

*एकच तो डबा । आम्ही पोरं सात ।*
*तरी त्याचा हात । देता राही ॥*

बोटांवर मोजून बघा. नवशिक्यांचं बिघडतं ते यमकासाठी शब्द ओढून आणल्यामुळे. आधी दुसरा आणि तिसरा चरण जुळवा, मग पहिला लिहा आणि चौथा सगळ्यात शेवटी. मात्र ४४ अभंग सलग वाचले तर दहाव्यानंतर ठेका कंटाळवाणा होतो. पाच-सहा पद्यात ठेवून बाकी गद्यात ठेवा. ज्याची सवय एका ओळीत मावते त्याच्यासाठी पद्य बरं. पूर पाहणाऱ्या पोराला अभंगात बसवू नका.

लिहायचं प्रमाण मराठीत की आमच्या बोलीत? शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, पण वर्गात सगळे 'लगा', 'मर्दा' करत असतात. – एक विद्यार्थी, माधवनगर

निवेदन साध्या मराठीत, आणि मुलाच्या तोंडचं वाक्य तो बोलतो तसंच. 'आरं लगा, पेपर सोपा हुता की' हे वाक्य सुधारून 'अरे, पेपर सोपा होता' केलंत तर त्या मुलाचा आवाज गेला. पण सगळं पानच बोलीत लिहिलं तर कुणाचाच आवाज वेगळा राहत नाही. तोच पोरगा फादरांसमोर 'यस फादर, सॉरी फादर' म्हणतो, तेही लिहा. दोन वाक्यं शेजारी ठेवली की काम होतं.

समारंभाची तारीख आणि मजकूर दोन्हीसाठी प्रिन्सिपल फादरांची परवानगी लागते. थट्टामस्करीला ते तयार होतील का? कधी विचारावं? – वर्गशिक्षिका

मॅडम, तारखेचं आधी बघा, कारण अडतं तिथं. कॅथलिक शाळांत राखेच्या बुधवारापासून उपवासकाळ सुरू होतो आणि त्या दिवसांत हसण्या-नाचण्याचे कार्यक्रम शक्यतो ठेवत नाहीत. राखेचा बुधवार ईस्टरच्या ४६ दिवस आधी येतो, म्हणजे ४ फेब्रुवारी ते १० मार्चच्या दरम्यान कधीही. २०२६ मध्ये तो १८ फेब्रुवारीला, २०२७ मध्ये १० फेब्रुवारीला. इकडे दहावीची बोर्डाची परीक्षा २०२४ मध्ये १ मार्चला सुरू झाली आणि २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीला. पूर्वपरीक्षा जानेवारीत. या सगळ्यांतून जी फट उरते ती जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याची. २४ जानेवारीला संत फ्रान्सिस द सेल्स यांचा सण असतो. १९२३ मध्ये पोप पायस अकरावे यांनी त्यांना लेखक आणि पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं. ३१ जानेवारीला संत जॉन बॉस्को यांचा सण, ते तरुणांचे संत. यांतला एखादा दिवस सुचवलात तर फादरांना आवडेल.

थट्टेबद्दल फादरांना बहुधा हरकत नसते. जॉन बॉस्को विद्यार्थिदशेत इटलीतल्या किएरी गावी असताना त्यांनी मित्रांचं एक आनंदमंडळ काढलं होतं, आणि पोरं जमवायला ते जादूचे व कसरतीचे खेळ करून दाखवत. फादरांना नको असते ती धर्माची थट्टा. प्रार्थना, मिस्सा, पापनिवेदन, देवाची किंवा संतांची नावं यांवर विनोद करू नयेत. असेंब्लीत प्रार्थना चालू असताना एक डोळा उघडा ठेवून मैदानावरच्या पावसाचा अंदाज घेणाऱ्या मुलावर लिहायला मात्र हरकत नाही, कारण हसू त्याच्या डोळ्यावर आहे, प्रार्थनेवर नाही. हीच मर्यादा गणपतीच्या आरतीला, रमजानच्या रोज्याला आणि जैन मुलाच्या डब्यालाही. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला (धर्मशिक्षणाला) गेली की बाकीचे व्हॅल्यू एज्युकेशनच्या तासाला बसतात. त्या तासात वर्ग दोन खोल्यांत वाटला जातो, तेव्हा चिठ्ठ्या भरायला तो तास निवडू नका.

मजकूर फादरांना तुकड्या-तुकड्यांनी दाखवू नका. सगळा एकत्र, टाइप करून, सह्या घेतलेल्या कागदांसह द्या आणि वाचायला चार दिवस द्या.

मी चित्रं काढतो. वर्गानं माझ्यावर सगळ्यांची अर्कचित्रं काढायचं काम टाकलंय. पहिली पाच काढली, दोघं ओळखू आले, तिघांची तोंडं नुसतीच वेडीवाकडी झाली. – नववीपासून चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसणारा, कुपवाड

अरे, तू सगळंच मोठं करतोयस: नाकही, कानही, हनुवटीही. अर्कचित्रात एकच गोष्ट ताणायची आणि बाकीचं मापात ठेवायचं. मापाचा अंदाज असा: डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येतात, कपाळाखाली लगेच नाही. चेहऱ्याच्या रुंदीत साधारण पाच डोळे बसतात. आधी पेन्सिलीनं हा सरळ चेहरा काढ, मग समोरचा दोस्त त्यापासून कुठं हटतो ते शोध. भुवया वर असतात? दोन डोळ्यांत अंतर जास्त आहे? तेवढंच वाढव.

आणि खरं सांगायचं तर शाळकरी मुलांची तोंडं अजून घडलेली नसतात, म्हणून तोंड ताणून फारसं साधत नाही, शिवाय ते लागतं. त्यापेक्षा उभं राहणं, बसणं, दप्तर घेणं काढ. एका खांद्यावर दप्तर लटकवून तिरका चालणारा, बाकावर एक पाय मुडपून बसणारा, टाय खिशात कोंबणारा, शर्टाचं वरचं बटण फादर दिसले की लावणारा. पाठमोरी काढलीस तरी ओळखू आली पाहिजेत. दात, व्रण आणि वर्ण यांना हात लावू नकोस.

काम कार्ट्रिज कागदावर कर, १४० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). वहीच्या कागदावर शाई फुटते. २बी पेन्सिलीनं आखून वॉटरप्रूफ शाईनं किंवा ०.५ च्या ड्रॉइंग पेननं ओढ, शाई पूर्ण वाळल्यावरच खोडरबर फिरव. छापायच्या आकाराच्या दुप्पट काढ. लहान केल्यावर हाताची थरथर झाकली जाते, पण रेषाही निम्मी होते हे लक्षात ठेव. ०.२ च्या पेननं काढलेल्या बारीक रेषा झेरॉक्सवर गायब होतात. पेन्सिलीची छटाही काळपट डाग होऊन येते. छाया हवी तर समांतर रेषा मार. स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), काळ्या-पांढऱ्यात. मोबाइलनं फोटो काढलास तर कागदाच्या कडेला सावली येते आणि तीही छापली जाते.

माझ्या आतेभावाकडून अमेरिकेतल्या जेझुइट फादरांनी चालवलेल्या मुलग्यांच्या शाळेचं इयरबुक बघायला मिळालं. त्यात प्रत्येक सीनिअरचा फोटो, टोपणनाव, त्यानं चार वर्षांत काय काय केलं ते, आणि शेवटी 'क्लास प्रॉफेसी' व 'क्लास विल' असं होतं. आपल्याकडे हे जमेल का? – एक विद्यार्थी, सांगली

फोटो आणि माहितीचा साचा जरूर घ्या, तो शब्दचित्राला आधार देतो. 'क्लास प्रॉफेसी'त वर्ग वीस-पंचवीस वर्षांनी कुठं असेल याची कल्पना करतात. आपल्याकडे ती लवकर 'अमुक मंत्री झाला, तमुक अमेरिकेला गेला' अशी होते आणि त्यात मुलगा दिसत नाही. आम्ही ती सोडून द्या म्हणू.

'क्लास विल' मात्र घ्याच. जाणारा वर्ग आपल्या सवयी आणि जागा खालच्या वर्गाला ठेवून जातो, अशी ती गंमत. शब्दशः 'मृत्युपत्र' म्हणू नका, समारंभात तो शब्द नको. आपल्याकडे त्याहून झकास कागद आहे: वाटणीपत्र. शेतीवाडीच्या घरातल्या पोरांच्या कानावरून त्याची भाषा गेलेली असते. लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा, सबब. उदाहरणार्थ:

*'लिहून घेणार: नववी "ब". लिहून देणार: दहावी "ब". मिळकतीचं वर्णन: शेवटचा बाक, एक. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस खिडकी, तीतून कँटीन दिसते, दक्षिणेस भिंत, टेकण्यास योग्य, पश्चिमेस न फिरणारा पंखा, उत्तरेस सरांची नजर, ती पावसाळ्यात कमी येते. सदर बाकावर आमच्या आधीच्या तीन तुकड्यांची नावं कोरलेली असून ती पुसण्याचा हक्क घेणाराला राहणार नाही. वहिवाटीत येणारा खिळा आहे, त्यास पँटीपासून लिहून घेणारानं स्वतः जपावं. सबब हे वाटणीपत्र राजीखुशीनं लिहून दिलं असे.'*

यात मोजमाप खरं द्या. तुमच्या खिडकीतून जे दिसतं तेच लिहा. खालच्या वर्गाच्या दोघा-तिघांना स्टेजवर बोलावून सही करायला लावा. साक्षीदार म्हणून शिपाईमामांची सही असावी, त्यांचा मान आहे.

छापायला किती पानं, किती कागद आणि किती दिवस लागतात? मागच्या वर्गाच्या अंकात जोडाक्षरं फुटली होती. – दहावी 'ब'

ए-५ आकार घ्या, म्हणजे ए-४ कागद मधोमध दुमडून. एका पानावर दोन मुलं बसवली तर ४४ जणांची २२ पानं. शीर्षक, फादरांचं मनोगत, वर्गाचा फोटो, वाटणीपत्र आणि सह्यांसाठी कोरं पान धरून २८ करा. पिन मारायच्या पुस्तिकेत पानं चारच्या पटीतच लागतात. २६ केलीत तर शेवटी दोन कोरी येणारच. २८ पानांना प्रतीमागं ए-४ चे ७ कागद. ६० प्रतींना ४२०, म्हणजे ५०० चं एक रिम नासधुशीसकट पुरतं. आत ७० जीएसएम मॅपलिथो चालेल, पण अर्कचित्रं दाट काळी असतील तर ती मागच्या पानावर उमटतात, तेव्हा ८० घ्या. कव्हर वेगळं, जाड आर्ट कार्डाचं. एवढ्या कमी पानांना गोंदाचं बाइंडिंग करू नका, कणा तडकतो आणि पानं सुटतात.

जोडाक्षरं फुटतात ती बहुधा फाँटच्या बदलाबदलीत. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करता आणि काही डीटीपीवाले अजून श्री-लिपीसारख्या जुन्या प्रणालीत काम करतात. रूपांतर करताना 'ऱ्या', 'ॲ', रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास बिघडतात. तेव्हा मजकूर युनिकोडमध्येच लावून देणारा शोधा आणि 'तिरो देवनागरी मराठी'सारखा फाँट मागा. त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात. शेवटचं प्रूफ पीडीएफवर, छापून, मोठ्यानं वाचून तपासा. दोघं बसा, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं हातातल्या मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचं. मुलांची नावं हजेरीपटाशी ताडून बघा. चाळीस शब्दचित्रं सुंदर जमली आणि एकाचं नाव चुकलं तर त्या एकासाठी अंक वाया गेला.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचे, ३०० डीपीआयचे. म्हणजे किमान ४१३ बाय ५३१ पिक्सेल. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. छापखान्याला दहा दिवस द्या. लग्नसराई असेल तर पंधरा, कारण पत्रिकांच्या कामापुढं तुमचा अंक मागं पडतो.

समारंभात वाचताना लोक हसायच्या ठिकाणी हसत नाहीत. – सूत्रसंचालक

दोन कारणं असतात. एक, मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे गमतीचा शब्द मध्येच अडकतो. 'याच्या दप्तरात कंपासपेटी सोडून सगळं असतं' हे वाक्य ऐकताना हसू 'कंपासपेटी'ला येतं आणि पुढच्या शब्दांत विरतं. तेच 'याच्या दप्तरात सगळं असतं. कंपासपेटी सोडून.' असं तोडा. दुसरं, वाचणारा हसू यायच्या आधीच पुढच्या मुलावर जातो. सत्तर शब्दांना चाळीस सेकंद आणि हसायला दहा, असा हिशेब धरला तर ४४ जणांना सदतीस-अडतीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ एकट्याचा आवाज नको. चौघांत वाटून घ्या आणि नाव शेवटी घ्या. आधी सवय, मग नाव, म्हणजे सभागृह ओळखण्याच्या नादात कान देऊन ऐकतं. सांगलीला १८४३ पासून नाटकाची सवय आहे, इथला प्रेक्षक थांबायला तयार असतो. वाचणाऱ्यानंही थांबावं. माइकपासून वीतभर अंतर ठेवा, कागद तोंडासमोर धरू नका.

नववीच्या शेवटी वडिलांची बदली झाल्यामुळे एक मित्र शाळा सोडून गेला. तो आता हजेरीपटावर नाही. त्याचं पान ठेवावं का? – दहावी 'अ'

ठेवा, आणि त्याचा जुना हजेरी क्रमांक छापा. फोटो नसेल तर नववीच्या वर्गफोटोतून कापून घ्या. प्रत त्याला पोस्टानं पाठवाच, पण त्याआधी सह्यांच्या पानावर सगळ्यांच्या सह्या घ्यायला विसरू नका. परीक्षा सुरू झाली की सगळे जण पुन्हा एका खोलीत सापडत नाहीत.